सगळ्यात खालची ओळ

"गणपती जरा लहान कर गं. आणि माझं नाव एवढं ठळक नको," माझ्या खुर्चीमागून आई म्हणाली. घरच्या कॉम्प्युटरवर मी तिच्याच लग्नाची पत्रिका करत होते.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण आईचं दुसरं लग्न ठरल्यापासून आबा, म्हणजे बाबांचे वडील, पेपरात तोंड खुपसून बसायचे; ना हो म्हणाले, ना नाही.

पिवळ्या जाड कागदावर पहिली प्रत निघाली. आईनं ती आबांच्या पुढ्यात ठेवली आणि तिथेच उभी राहिली. त्यांनी भिंग धरून ती दोनदा वाचली.

"एक ओळ राहिली," ते म्हणाले. "लहान मुलांची. ती सगळ्यात खाली असतेच."

"आबा, आपल्याकडे लहान कोण आहे आता?" मी म्हटलं.

"सरक," म्हणत ते माझ्या खुर्चीवर बसले. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी ती ओळ लिहिली आणि छापायचं बटण मला दाबायला लावलं. प्रिंटरमधून आलेला कागद आईनंच उचलला.

'आमच्या सूनबाईच्या लग्नाला यायचं हं! – आबा, वय ब्याऐंशी.'