जावाजावा

जावाजावा, उभा दावा म्हणतात; या दोघी मात्र एकाच गोदामात शेजारी उभ्या राहून गुण्यागोविंदाने आपापल्या सरकत्या पट्ट्यावर खोकी भरत. जिचा हात सर्वांत मंद, तिला दर शनिवारी कॉम्प्युटर कामावरून काढून टाकी. थोरलीची बोटं आखडायला लागली, तशी धाकटी मुद्दाम रेंगाळू लागली. देवा, गेलीच तर माझी नोकरी जाऊ दे, त्यांची राहू दे!

"अगं, हात चालव! झोप लागली का?" थोरली दटावायची.

"तुम्ही तुमचं बघा, जाऊबाई!"

शनिवारी स्क्रीनवर थोरलीचंच नाव झळकलं. "असं कसं झालं?" धाकटी रडकुंडीला आली.



"तुझा हात चालेना ना, वेडे! तू पाठ वळवलीस की माझी भरलेली खोकी तुझ्या पट्ट्यावर सरकवत होते मी."