जपलेला एप्रन

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांचे पाय दुपारपर्यंतच भरून यायचे. तरी एक्स-रेपासून वाचवणारे शिशाचे जड एप्रन त्या रोज स्वतः आवरायच्या. कडेला कड जुळवून घडी घालायची, वरून हात फिरवायचा, मगच कपाट बंद. "वस्तूला जपलं की वस्तू आपल्याला जपते," असं सांगून सांगून त्यांनी सगळ्या नर्सना ती सवय लावली होती. एकच आळशी मुलगी ऐकायची नाही. ती आपला एप्रन खुंटीला अडकवून पळायची आणि रोज बोलणी खायची.

आज एप्रन तपासायला टेक्निशियन आला. एकेक एप्रन मशीनखाली ठेवून त्याने पडद्यावर पाहिला. खुंटीवरचा तेवढा धड निघाला.

"शिशाची घडी घालू नये, सिस्टर," तो म्हणाला. "घडीवर ते आतून तडकतं, वरून काही दिसत नाही. मग किरण त्या भेगेतून सरळ आत. हा तर सगळ्यात वाईट, बरोबर पोटावर चिरलाय. कोण घालतं हा?"

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"मी घालते," तेवढ्यात आत आलेली धाकटी नर्स शेवटचंच ऐकून म्हणाली. "सिस्टर माझ्यासाठी मुद्दाम वेगळा जपून ठेवतात." मग रोजच्यासारखी त्यांच्याकडे पाठ करून ती उभी राहिली. "आज पट्टे जरा सैल बांधा हं, सिस्टर. सहावा लागलाय."