पालकांनी मध्ये बोलू नये

“आई, तिला बोलू द्या,” नलिनीबाई म्हणाल्या.

समोरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. प्रश्न अगदी साधा होता, आवडता विषय कोणता, आणि आईने उत्तर द्यायला तोंड उघडलंही होतं. ते तिने मिटलं. मुलगी घाईघाईने म्हणाली, “अहो बाई, पण...”

“घाबरू नकोस गं. इथे कोणी खात नाही.”

आईने बाकाखाली मुलीचा हात दाबला. मुलीने तिच्याकडे एकदा पाहिलं.

“इतिहास,” ती म्हणाली. “सनावळ्या सगळ्या पाठ. भूगोलाचे नकाशे तेवढे जमत नाहीत.”

आई ओशाळून हसली.

पंच्याऐंशी सालच्या जूनमधला रविवार होता आणि मुलुंडच्या एका शाळेच्या वर्गात एका सेवाभावी मंडळाच्या मुलाखती चालल्या होत्या. दहावीनंतर कॉलेजात जाणाऱ्यांपैकी काहींना मंडळ शिष्यवृत्ती देई, आणि पहिलं वर्षभर मार्गदर्शनाला एक पाठराखा. नलिनीबाई सरकारी कचेरी सांभाळून नऊ वर्षं हे काम करत होत्या. वशिल्याच्या तट्टांचा बंदोबस्त त्यांनीच केला होता. अर्जावर नाव, गाव, जात, वय काही नाही. फक्त क्रमांक, गुण आणि घराबद्दल एखाददुसरी ओळ. दुसरा नियम त्यांनी फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिला होता: पालकांनी मध्ये बोलू नये. नाहीतर बापच फडाफडा बोलतात आणि मुलं मख्खासारखी बसतात. मुलं एका नजरेत कळतात, असं बाई सांगत. म्हणजे त्याच सांगत.

निवृत्त मुख्याध्यापक भाऊरावांनी अर्ज वाचला. “क्रमांक चौदा. रात्रशाळा, घाटकोपर. एकाहत्तर टक्के. घरात कमावतं माणूस एक.”

“कोण कमावतं?”

“मी,” मुलगी म्हणाली. “अंधेरीला, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. वडील गिरणी बंद पडल्यावर गावी गेले, ते तिकडेच.”

मुलगी एकोणीस-वीसची दिसत होती, पण रात्रशाळेतली मुलं थोराड असायचीच. नलिनीबाईंना भरून आलं. आईच्या बोटाला शाईचा डाग होता. अर्जसुद्धा बिचारीने स्वतः भरला असणार.

“अभ्यास कधी करता?”

“पहाटे. चारला स्टोव्ह पेटतो, चहा होतो, मग पुस्तक. प्रश्न विचारायला दुसरं कोणी लागतंच ना? आम्ही दोघी बसतो.”

“छान. आता कॉलेज लागलं की हिला घरकामाला जुंपू नका हं,” नलिनीबाईंनी आईला बजावलं.

“नाय हो बाई. उलट...” आईची नजर फळ्याकडे गेली आणि ती थांबली.

“कॉलेज हवं कशाला?” बाईंनी शेवटचा प्रश्न मुलीला केला.

मुलगी आईकडे वळली. “ते आईलाच विचारा.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा नलिनीबाईंनी आपला नियम मोडला. “सांगा.”

“सातवीत पयली इलंय मी,” आई हळू म्हणाली. “मास्तर घरी आले, पुढं शिकवा म्हणाले. बापूस बोलला, चुलीफुडे इतिहास कशाक व्हयो? मी दाराआड ऐकत होते. अजून तिथंच उभी आहे, बाई.”

स्वतःचं राहिलेलं लेकीत पाहणाऱ्या आया नलिनीबाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण हिचं ऐकून त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

जागा एकच उरली होती. भाऊरावांचा कल एकवीस क्रमांकाच्या मुलाकडे होता; त्याला चौऱ्याऐंशी टक्के होते. दोघं व्हरांड्यात गेले.

“एकवीसला शिकवणी आहे, पाठीशी बाप आहे,” नलिनीबाई म्हणाल्या. “तो कुठूनही वर येईल. चौदाचं या वर्षी राहिलं तर कायमचं राहिलं.”

“मग पाठराखण तुम्हीच करायची.”

“मीच करणार.”

आत येऊन त्यांनी निवड झाल्याचं सांगितलं. आईने दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आता कशाला रडतेस? आता तर झालं ना.”

नलिनीबाईंनी मुलीला समोर घेऊन सगळं सांगितलं. वर्ग सकाळी सातला. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसायचं. लायब्ररीचं कार्ड त्याच आठवड्यात काढायचं. इंग्रजी कळलं नाही तर तिथेच हात वर करायचा, लाजायचं नाही. दर रविवारी माझ्या घरी यायचं. आईने पिशवीतून वही काढली होती आणि ती सारं लिहून घेत होती. काय ती हौस, बाईंना वाटलं.

मग त्यांनी मंडळाचा कागद पुढे केला. “वर विद्यार्थ्याची सही, खाली पालकाची,” असं म्हणून त्यांनी पेन आईकडे सरकवलं.

आईने पदराला हात पुसले. सावकाश, एकेक अक्षर घोटत, तिने वरच्या रेघेवर सही केली.

“अहो, ती रेघ विद्यार्थ्याची.”

“होय,” आई म्हणाली आणि तिने पेन मुलीच्या हातात दिलं. “घे गो अनू. पालकाची तुझी.”