एलोहोची माती

मुदियागाची बायको एलोहो गेल्याचा निरोप वॉरी शहरातल्या इस्पितळातून दुपारी आला. फुप्फुसांत काजळी साचली होती, असं डॉक्टर म्हणाला. मुदियागा रडला नाही. त्याने कोयता उचलला आणि तो तेलकंपनीच्या फाटकाकडे चालू लागला.

गावातल्या बायका त्याच्या आधीच तिथे पोचल्या होत्या. फाटक अडवून बसल्या होत्या. तेलाची एकही गाडी बाहेर पडत नव्हती. त्यांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. कुंपणापलीकडे आग भडकत होती. तेलाबरोबर वर येणारा वायू कंपनी तिथे उघड्यावर जाळायची. मुदियागाच्या लग्नाआधीपासून ती आग रात्रंदिवस पेटलेली होती. तिच्याच धगीवर एलोहो कसाव्याच्या कंदाचा कीस वाळवायची. पावसाळ्यात उन्हाची वाट कोण बघणार?

खोकला वाढला तेव्हा ती एकदा कंपनीच्या साहेबाकडे गेली होती. "एक रात्र तरी बंद करा. नीट झोपेन तरी."

साहेब हसला होता. "बाई, ती बंद होत नसते. तेलाच्या विहिरी फुटतील. ते काही माणसाच्या हातात नाही."

आता तोच साहेब मुदियागाच्या अंगणात आला. कडेला कबर खणून तयार होती. साहेबाने बकरा आणला होता, जिनच्या बाटल्या आणल्या होत्या.

"बूट मळतील हो साहेब," म्हातारी तेजिरी म्हणाली. "इतकी वर्षं जपलेत."

साहेबाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मुदियागादादा, बायकांना फाटकावरून उठवा. तुमच्या दुःखात कंपनी तुमच्याबरोबर आहे. दफनाच्या दिवशी आम्ही आग बंद ठेवू. अख्खा दिवस. पाहुण्यांना धग लागायला नको."

गावच्या मुखियाने आभार मानले. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मुदियागा उठला. "कशी बंद करणार?"

"त्यात काय! विहिरींच्या झडपा फिरवायच्या. दोन माणसांचं काम."

टाळ्या थांबल्या.

मुदियागाने बकऱ्याचं दावं सोडलं आणि साहेबाच्या हातात दिलं. "तिने एकच रात्र मागितली होती, रे. आता एक दिवस नको. कायमची बंद कर. तोवर माती नाही."

त्याला दोन पावसाळे झाले. आग पेटलेलीच आहे. कबरीत काळं पाणी साचतं, मुदियागा ते उपसून टाकतो. एलोहो वॉरीच्या शवागारात आहे. तिला अजून पुरलेलं नाही.