वहिनींचा नियम

"वाच," वहिनी म्हणाल्या.

दिराने त्यांच्या स्क्रीनवर वाकून सगळी ओळ मोठ्याने वाचली. पेशंटच्या माहितीतला 'घरचा फोन' हा कॉलम आज कायमचा काढायचा होता. "हो," तो म्हणाला. वहिनींनी बटण दाबलं.

दिराला इथे चिकटवलं होतं ते वहिनींनीच, साहेबांच्या मागे लागून. तो आल्यापासून सगळं ऑफिसच त्यांना वहिनी म्हणायला लागलं होतं. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट देणारी त्यांची साइट एक मिनिटही बंद ठेवून चालायची नाही. त्यामुळे तिच्या डेटाबेसमध्ये काही बदलायचं म्हणजे ती चालू असतानाच. म्हणून वहिनींनी नियम घालून दिले होते. एकट्याने काही काढायचं नाही, दुसऱ्याने वाचून हो म्हणायचं. आणि काढायची गोष्ट आधी कुणाला न सांगता नुसती बाजूला ठेवायची. आठवडाभर कुणी ओरडलं नाही, की ती कुणालाच लागत नव्हती असं समजून काढून टाकायची. यावरून ऑफिसात चिकार चेष्टा चालायची, पण साइट कधी बंद पडली नव्हती.

"तुझ्याकडे बघ. गेला?"

दीर आपल्या खुर्चीत जाऊन बसला. "आहे अजून."

"असा कसा असेल? रिफ्रेश कर."

"आहे, वहिनी." त्याने मान वर केली नाही.

वहिनी उठून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कॉलम जिथल्या तिथे होता. मागच्या मंगळवारी त्यांनी स्वतः बाजूला ठेवलेला कॉलम, आणि त्यात आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत, कुणा पेशंटचा नंबर येऊन बसला.

"मग मी आठवडाभर काम कशावर करतेय?"

"डेटाबेसच्या कॉपीवर," साहेब म्हणाले. ते कधी आले कळलंच नव्हतं. येताना पाण्याचा ग्लास घेऊन आले होते, तो त्यांनी वहिनींपुढे ठेवला. "मागच्या सोमवारी तुमचं लॉगिन कॉपीकडे वळवलं. म्हटलं, तुमच्याच पद्धतीने करू, आधी नुसतं बाजूला ठेवून बघू. खरं काम हे बघत होते." त्यांनी दिराकडे बोट केलं. "वाईट वाटून घेऊ नका. साइट मस्त चालली. एक तक्रार नाही."

वहिनींना आधी लाज वाटली. राग मागाहून आला. या आठवडाभरात दोनदा त्यांनी डबा तसाच घरी नेला होता, काम अर्धवट राहू नये म्हणून.

आजूबाजूचे सगळे स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले होते.

"काल रात्री मी तुला वाढलं," वहिनी दिराला म्हणाल्या.

"साहेब म्हणाले, सांगायचं नाही." तो अडखळला. "तुमचाच नियम आहे ना."

"चला, आता तेवढं यांचं लॉगिन काढून टाका," साहेब घड्याळ बघत म्हणाले, आणि निघून गेले.

दिराने ओळ टाइप केली. बटणावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. इतक्या महिन्यांत वहिनींनी त्याला जे शिकवलं होतं ते पक्कं बसलं होतं.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "वाचता?"

त्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"तुझ्या दादाला कोण सांगणार आता?"

"दादाला माहीत आहे."

"कधीपासून?"

"सोमवारीच सांगितलं मी."

"मग? काय म्हणाला?"



"काही नाही म्हणाला."

वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ओळीत त्यांचं नाव होतं आणि पुढे आडनाव, त्यांचं नि दिराचं एकच. त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, नेहमी वाचायच्या तसंच, शेवटच्या टिंबापर्यंत.

"हो," त्या म्हणाल्या. "दाब."