खडोलीची खूण

अर्ध्या धनगरी रक्ताचा तो जेमतेम वर्षाचा कुत्रा हाकेला वळला नाही, म्हणून पांजरपोळाच्या रखवालदाराने काठी हाणली. नवनाथच्या मस्तकात तिडीक गेली. “बहिऱ्याला कसल्या हाका मारता?” त्याने दरडावले. “बहिरा आहे म्हणूनच सांगतो, काका, दुसरा न्या ना. याला हुकूम समजत नाही.” नवनाथ खडोलीच्या सूतकारखान्यात कामाला होता. तिथल्या गोंगाटात माणसे हातांच्या खुणांनीच बोलत, आणि कुणाचे काम अडत नसे. या कुत्र्याला तीच भाषा शिकवायचे ठरवूनच तो आला होता. त्याने ‘थांब’ची खूण म्हणून हाताचा पंजा उचलला. कुत्र्याने तत्काळ अंग चोरले. पोट मातीला टेकवून तो थरथरू लागला. “हुकूम समजतो त्याला,” नवनाथ दात आवळून म्हणाला, “तुम्ही एकच शिकवलात. सोडा साखळी, हा माझा.” दोन्ही हात पाठीमागे बांधून तो कुत्र्यासमोर जमिनीवर बसला.