हे अठरा नाय

भर मे महिन्यात भागीरथीला लेकीच्या नव्या सासरी, शहाडला, मानाचा जिताडा न्यायचा होता; मासा नरम पडला तर कोळीवाड्याची अब्रू जाणार. म्हणून सुनेने आपल्या गाडीच्या एसीचा बिघडलेला डिस्प्ले खोपटच्या गॅरेजात बदलून घेतला. नव्या काचेवर अठरा उमटलं. भागीरथीने एसीच्या जाळीपुढे हात धरला. “हे अठरा नाय रे,” ती मेकॅनिकला म्हणाली. सोबत आलेला तिचा नवरा हसला. “अगं, आकडा तरी वाचता येतो का तुला?” “चाळीस वर्षं मासळीच्या बर्फात हात घालतेय मी.” मेकॅनिकने गंमत म्हणून थर्मामीटर धरला. सव्वीस! “डिस्प्ले बसवला, जुळवायचा राहिला, मावशी!” त्याने जीभ चावली आणि हवा आकड्याशी जुळवली. गारवा बोचू लागताच भागीरथीने जिताड्याची पाटी पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. “आणि मी?” नवऱ्याने विचारलं. “तुम्हाला का मानाने न्यायचंय? बसा मागे!”